हलकी रॅकेट, जड चेंडू: रत्नागिरीतल्या नोंदी

८ जून

मृग लागला आणि पावसानेही वेळ पाळली. आमच्या सिमेंटच्या टेनिस कोर्टावर आता शेवाळ धरणार, तेव्हा गणपती होईपर्यंत खेळ बंद. रॅकेटचं काम हातात घ्यायला हेच दिवस बरे.

काय बदलायचं ते आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे भरकटायला होणार नाही. मी डबल्स खेळते आणि बहुतेक वेळ नेटवर असते. बॅकहँड एका हाताचा, स्लाइस, म्हणजे चेंडू खालून कापत मारलेला. सर्व्हिस जोरदार नाही, पण हवी तिथे पडते. समोर कॉलेजातली मुलं असली की त्यांचा टॉपस्पिन, पुढच्या दिशेने गरगरत येणारा चेंडू, अंगावर येतो आणि व्हॉली (टप्पा पडायच्या आत मारायचा चेंडू) घेताना रॅकेट हातात फिरते. चेंडू मधोमध लागला तर ठीक. दोन बोटं बाजूला लागला की रॅकेटचं डोकं वळतं आणि चेंडू नेटमध्ये जातो. मूठ आवळून धरली तर फिरणं कमी होतं, पण दुसऱ्या दिवशी कोपर बोलतं.

रॅकेट योनेक्सची ईझोन १००एल. डोकं १०० चौरस इंच, १६ उभ्या आणि १९ आडव्या तारा, लांबी २७ इंच, गटिंग (तारा बांधणं) न करता २८५ ग्रॅम. मोठा स्विंग घेऊन मारणाऱ्याच्या हातात ती सुंदर फिरते. मला ती फिरायला नको आहे, चेंडू येईल तेव्हा जागेवर थांबायला हवी आहे.

‘सरळ तीनशे ग्रॅमची घे’ असं कोर्टावर सगळ्यांनी सांगितलं. पण तीनशेच्या रॅकेटमध्ये जादा पंधरा ग्रॅम कुठे घालायचे ते कारखाना ठरवतो. इथे ते मी ठरवणार. शिवाय हलक्या फ्रेमला वजन लावता येतं, जड फ्रेमचं काढता येत नाही.

१४ जून

पहिली मापं. गटिंग आणि ओव्हरग्रिप (मूळ ग्रिपवर गुंडाळायची पातळ पट्टी) धरून वजन ३०६ ग्रॅम. तारांचे साधारण १६ आणि ओव्हरग्रिपचे ५, हिशेब जुळतो.

बॅलन्ससाठी लाकडी पट्टी उभ्या कडेवर धरून तिच्यावर रॅकेट आडवी तोलली. मुठीच्या टोकापासून ३३.६ सेंटिमीटर. २७ इंची रॅकेटचा मध्य ३४.३ वर येतो, म्हणजे तोल मुठीकडे ७ मिलिमीटर झुकलेला. टेनिसवाले हे पॉइंटात मोजतात. इंचाचा आठवा भाग, साधारण ३.२ मिलिमीटर, म्हणजे एक पॉइंट. आमची दोन पॉइंट हेडलाइट, म्हणजे डोक्याकडे हलकी.

या दोन आकड्यांवर बहुतेक जण थांबतात. पण वजन आणि तोल सारखा असूनही दोन रॅकेट हातात अगदी वेगळ्या लागू शकतात, कारण वजन लांबीवर कसं पसरलंय ते हे आकडे सांगत नाहीत. ते सांगतं स्विंगवेट. मुठीच्या टोकापासून १० सेंटिमीटरवर अक्ष धरायचा आणि त्याभोवती रॅकेट फिरवायला किती जड जाते ते किलो-सेंटिमीटर वर्गात मोजायचं. त्याचं यंत्र रत्नागिरीत कुणाकडे असल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. लंबक करावा लागणार.

२१ जून

लंबक झाला. आईची ॲल्युमिनियमची विणायची सुई मुठीच्या बुडाला आडवी लावून रबरबँडने घट्ट बांधली. सुईची दोन टोकं दोन खुर्च्यांच्या पाठीवर, मध्ये रॅकेट डोकं खाली करून लोंबती. सुई तारांच्या पातळीला समांतर हवी, म्हणजे फटका मारताना जाते त्याच दिशेने रॅकेट झुलते. झोका लहान ठेवायचा, वीतभराच्या आत. पंखा बंद, खिडकी बंद.

दहा झोके मोजून भागत नाही. एका झोक्यात सेकंदाचा शंभरावा भाग चुकला तर स्विंगवेटमध्ये सातेक एककांचा फरक पडतो, आणि मला जो बदल करायचाय तोच दहा-बाराचा आहे. पन्नास झोके मोजले की बटण दाबण्यातली चूक पन्नासांत वाटली जाते.

पन्नास झोक्यांना ६८.६ सेकंद. एकाला १.३७२.

मुठीच्या टोकाभोवतीचं जडत्व = २४.८५ × वजन किलोत × बॅलन्स सेंटिमीटरमध्ये × काळाचा वर्ग. आलं ४८१. त्यातून वजन × बॅलन्सचा वर्ग वजा केला की रॅकेटच्या स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवतीचं उरतं, १३५.५. त्यात वजन × (बॅलन्स उणे १०) चा वर्ग मिळवायचा, १७०.४. स्विंगवेट ३०६.

वजनही ३०६ ग्रॅम आणि हेही ३०६. निव्वळ योगायोग, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. पुढे गोंधळ नको म्हणून इथेच लिहून ठेवलं.

२८ जून

बाहेर नुसता धो-धो. आज कागदावरचं काम.

एक ग्रॅम शिसं कुठे लावलं तर काय होतं, ते एका सूत्रात बसतं: मुठीच्या टोकापासूनच्या अंतरातून १० वजा करून वर्ग. डोक्याच्या शेंड्यावर, घड्याळातल्या बाराच्या जागी, एका ग्रॅमला स्विंगवेट ३.४ ने वाढतं. दहा आणि दोनच्या जागी २.६ ने. तीन आणि नऊच्या जागी, म्हणजे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, १.८ ने. आणि मुठीत बरोबर १० सेंटिमीटरवर लावलं तर शून्य, कारण अक्षच तिथे आहे. तिथे कितीही भरा, हाताला वजन लागेल, तोल मुठीकडे सरकेल, पण रॅकेट फिरवायला स्विंगवेटच्या हिशेबात जड होणार नाही. एवढी मोकळीक दुसऱ्या कुठल्याच जागी नाही.

माझं दुखणं मात्र रॅकेट दांड्याभोवती वळण्याचं आहे. तिथे दांड्याच्या रेषेपासून बाजूचं अंतर धरायचं, तेही वर्गात. बाराच्या जागी हे अंतर शून्य, त्यामुळे शेंड्यावर शिसं लावून वळणं थांबत नाही. तीन-नऊला अंतर जास्तीत जास्त, साडेबारा सेंटिमीटर. तिथे सहा ग्रॅम लावले तर वळण्याचा विरोध ०.९ ने वाढतो. हलक्या रॅकेटचा हा आकडा मुळात १३-१४ च्या आसपास, म्हणजे सहा-सात टक्के सुधारणा. ऐकायला थोडी वाटते, पण अंगावर आलेल्या व्हॉलीत चेंडू नेटच्या वरून जाणार की खालून, ते तेवढ्यावरही ठरतं.

बेत असा: तीन आणि नऊला प्रत्येकी ३ ग्रॅम, मुठीत १० सेंटिमीटरवर ८ ग्रॅम. वजन ३२०, बॅलन्स ३३.३५, स्विंगवेट ३१६ ते ३१७.

दांडा जिथे दोन फाट्यांत उघडतो त्या गळ्यावर काही लावणार नाही, तिथे दांड्याच्या रेषेपासून बाजूचं अंतर कमी. जे लावायचं ते फ्रेमवरच, तारांवर नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांत वजनाच्या वाटणीसाठी काही लावायला फक्त फ्रेमवर परवानगी आहे. आमच्या गावच्या स्पर्धेत हे कुणी तपासत नाही, तरी रॅकेट नियमात बसणारीच असावी.

मोठ्या खेळाडूंचे आकडे समोर ठेवून उपयोग नाही. सॅम्प्रास ८५ चौरस इंचाच्या रॅकेटला शिसं लावून खेळायचा. फेडररची आरएफ९७ गटिंगशिवायच ३४० ग्रॅमची. त्यांचे हात त्यांच्यापाशी. मला तिसऱ्या सेटमध्येही रॅकेट वेळेवर पुढे आणता आली पाहिजे.

१२ जुलै

मुठीचा प्रश्न. चामड्याची ग्रिप घातली तर साध्या ग्रिपपेक्षा दहाएक ग्रॅम जास्त मिळतात, तेही मुठीतच, आणि मुठीच्या आठ कडा हाताला स्पष्ट कळतात. कोरड्या गावात मी तेच केलं असतं. इथे कपाटातल्या चपला आणि पट्टे जुलैत हिरवे होतात. चामडं बाद.

साधी ग्रिप ठेवून तिच्याखाली शिसं. वरून कोरड्या जातीची ओव्हरग्रिप. चिकट जातीची ओव्हरग्रिप इथल्या घामात निसरडी होते, कोरडी उलट घाम शोषला की जास्त पकडते. टेनिसपटू इव्हान लेंडल खिशात लाकडाचा भुसा ठेवायचा, तो याचसाठी.

२६ जुलै

शिसं आणायला मिरकरवाड्यात. मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठते, त्यामुळे बंदरावर जाळी पसरलेली आणि सगळे दुरुस्तीत. जाळ्याच्या सामानाच्या दुकानात शिशाच्या गोळ्या गोणीने भरलेल्या.

“ताई, किलोच्या खाली तोलत नाय.”

कशासाठी हवंय ते सांगितल्यावर त्यांनी तुटक्या जाळ्यातून निघालेली मूठभर शिसं अशीच हातावर ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. वर विचारलं, “खेळाच्या रॅकेटला पण बुडवायचं असतं काय?” त्यांना तीन-नऊचा हिशेब सांगितला. जाळ्याच्या कडेला शिसं आणि मध्ये का नाही, ते त्यांनी मला सांगितलं. दोघांचं बोलणं एकाच गोष्टीवर आलं, वजन किती त्यापेक्षा ते कुठे बसवलंय.

बाजारात रॅकेटसाठी चिकटपट्टी लावलेलं तयार शिसं मिळतं, टंगस्टनचंही मिळतं. ते मागवायलाही हरकत नाही. लहान मुलं असलेल्या घरात तर टंगस्टनच घ्यावं.

२ ऑगस्ट

शिशाचं काम पडवीत केलं, स्वयंपाकघरापासून लांब, हातमोजे घालून, खाली वर्तमानपत्र. शिसं विषारी आहे. घासायचं नाही, तापवायचं नाही, काम झालं की हात साबणाने धुवायचे आणि वर्तमानपत्र गुंडाळून बाजूला टाकायचं.

गोळ्या लोखंडी पाट्यावर ठेवून हातोडीने सावकाश ठोकत अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा केला. शिसं इतकं मऊ की कात्रीने कापलं जातं. घनता ११.३४, तेव्हा अर्धा सेंटिमीटर रुंद आणि ५.३ सेंटिमीटर लांब पट्टी बरोबर दीड ग्रॅमची. फ्रेमच्या आतल्या बाजूला, तारा जिथून बाहेर पडतात त्या भोकांच्या अलीकडे-पलीकडे एकेक. अशा दोन पट्ट्या तीनला आणि दोन नऊला.

वजनं ओळखीच्या सोनारांच्या काट्यावर, कागदात घालून. चारही पट्ट्या १.५० ला आणायला कडा कातराव्या लागल्या. घरचा काटा एका ग्रॅमच्या खाली काही दाखवत नाही, त्यावर हे काम होणार नव्हतं.

फ्रेम स्पिरिटने पुसली, दुहेरी चिकटपट्टीने शिसं बसवलं, वरून काळी इन्सुलेशन टेप. टेप दोन कारणांनी: हात शिशाला लागू नये, आणि खाऱ्या हवेत उघड्या शिशावर पांढरट थर येतो तो येऊ नये. मुठीतले आठ ग्रॅम ग्रिप उलगडून १० सेंटिमीटरवर गुंडाळले. तिथे मूठ किंचित जाड झाली, माझ्या करंगळीला ते बरंच वाटलं.

वजन ३२०. बॅलन्स ३३.३५. पन्नास झोके ६८.५ सेकंद.

इथे थांबून दोनदा मोजलं, कारण काळ जवळजवळ पहिल्याइतकाच. पण सूत्रात घातल्यावर स्विंगवेट ३१६ निघालं. जडत्व वाढलं तसं खाली ओढणारं वजनही वाढलं, आणि झोक्याच्या काळात दोन्ही एकमेकांना खाऊन गेले. नुसता झोका मोजून रॅकेटची तुलना करता येत नाही, ती याचमुळे.

९ ऑगस्ट

गटिंग. आमचं यंत्र ड्रॉप-वेटचं, आम्ही तिघांनी मिळून घेतलेलं. दांड्यावर वजन सरकवून पाउंड ठरवायचे, तार पकडीत घालून दांडा सोडायचा. दांडा आडवा, जमिनीला समांतर थांबला की ताण बरोबर. सगळं गुरुत्वाकर्षणावर चालतं. आडव्या तारा विणत असताना लाईट गेली आणि काम टॉर्चवर पुढे चालू राहिलं. पावसाळ्यात कोकणात याच्याइतकं भरवशाचं यंत्र नाही.

उभ्या तारा पॉलिएस्टर, १.२५ मिलिमीटर, ४८ पाउंड. स्लाइस करताना उभी तार बाजूला सरकते आणि परत येते, पॉली हे मोकळेपणाने करते. आडव्या मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांची मऊ तार), १.३०, ५० पाउंड, कोपरासाठी. नैसर्गिक गट कोपराला सगळ्यात चांगला, पण तो आतड्याचा, दमट हवेत फुगतो आणि त्याचे पदर सुटतात. इथे त्याच्यावर पैसे घालवू नयेत.

१७ ऑगस्ट

ताण किती उतरतो ते मोजायचं होतं. शेजारच्या बुवांकडे गणपतीच्या भजनांची तालीम चालू आहे, पेटी बाहेरच होती. गटिंग झालं त्याच संध्याकाळी रॅकेट नेली होती. पेन्सिलीने तारांवर टकटक करायचं, बुवा सूर लावून बघणार. वरच्या सप्तकातली काळी एक निघाली. आज परत गेले. बुवांनी ऐकलं, पट्टीवरून बोट बाजूला सरकवलं आणि म्हणाले, “उतरली गं ताई. पांढरी एक.”

अर्धा स्वर. तारेचा सूर ताणाच्या वर्गमुळावर चालतो, त्यामुळे अर्धा स्वर खाली म्हणजे ताण जवळजवळ ११ टक्क्यांनी कमी. पन्नासाचे साडेचव्वेचाळीस, तेही एक चेंडू न मारता. पॉली ताणलेली राहिली की सैलावत जाते, सगळ्यात जास्त पहिल्या दिवसात. नायलॉनची मल्टिफिलामेंट दमट हवेत ओल धरते आणि तीही सैल पडते. यंत्रावर लावलेला आकडा आणि खेळतानाचा आकडा यांत एवढं अंतर, म्हणून यापुढे पाउंडांबरोबर सूरही लिहायचा. फोनवर आवाजाची वारंवारिता दाखवणारी ॲप आहेत, पण बुवांचा कान जास्त पक्का.

५ ऑक्टोबर

कोर्ट खरवडून झालं, ऊन पडलं. पहिला खेळ.

नेटवरचा फरक पहिल्या काही चेंडूंतच कळला. समोरून जोरात आलेला चेंडू डोक्याच्या कडेकडे लागला आणि तरीही सरळ गेला. पूर्वी हाच चेंडू रॅकेट वळवायचा. स्लाइस खाली राहतो. कोपर शांत.

मागून मारलेले चेंडू मात्र बेसलाइनच्या पुढे जातात. हे अपेक्षित होतं: डोक्यात वजन वाढलं की त्याच स्विंगने चेंडू जास्त जोरात जातो, आणि तारा उतरलेल्या असल्याने त्यात भर. पुढच्या गटिंगला चार पाउंड वाढवायचे, उभ्या ५२, आडव्या ५४.

११ ऑक्टोबर

सर्व्हिसला आणि डोक्यावरच्या चेंडूला मी जरा वर, शेंड्याकडे लावते. म्हणून तेच सहा ग्रॅम दहा आणि दोनच्या जागी लावून बघितले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ हॉवर्ड ब्रॉडी यांनी दाखवलं होतं की ज्याला आपण स्वीट स्पॉट म्हणतो त्या खरं तर तीन वेगळ्या जागा आहेत: हाताला कंप कमीत कमी लागतो ती, मुठीला धक्का बसत नाही ती, आणि चेंडू सगळ्यात जास्त उसळतो ती. डोक्यात वर वजन लावलं की चेंडू उसळण्याची जागा शेंड्याकडे सरकते.

सर्व्हिस खरंच भारी लागली. पण स्विंगवेट ३२१ च्या पुढे गेलं आणि नेटवर जवळून आलेल्या चेंडूला रॅकेट पोचायला उशीर व्हायला लागला. माझे गुण नेटवर मिळतात, सर्व्हिसवर नाही. शिसं परत तीन-नऊला.

१९ ऑक्टोबर

नवं गटिंग ५२/५४. सूर सुरुवातीला काळी एकच्या थोडा वर, आठवड्याने काळी एकवर स्थिर. बेसलाइनचे चेंडू आत पडायला लागले. पुढचं गटिंग सूर पांढरी एकच्या खाली गेला की, तार तुटायची वाट बघायची नाही.

९ नोव्हेंबर

दुसरी रॅकेट, तेच मॉडेल, तेच गटिंग. एका साच्यातल्या दोन फ्रेमांतही काही ग्रॅमचा फरक असतो, म्हणून पहिलीची नक्कल करून चालत नाही, हिशेब नव्याने करावा लागतो.

हिचं वजन ३०९, बॅलन्स ३३.३, पन्नास झोके ६८.४. स्विंगवेट ३०४. म्हणजे पहिलीपेक्षा तीन ग्रॅमने जड, पण फिरवायला हलकी. जादा वजन मुठीकडे आहे.

पोचायचं ३२० ग्रॅम, ३३.३५, ३१६-३१७ ला. अकरा ग्रॅम मिळवायचे आणि स्विंगवेट तेरा-एकने वाढवायचं. तीन-नऊला प्रत्येकी ३.६ ग्रॅम, पट्ट्यांची लांबी ६.३ सेंटिमीटर. उरलेले ३.८ ग्रॅम १० सेंटिमीटरवर नाही, तर मुठीच्या अगदी बुडाशी, नाहीतर तोल पुढे राहतो. हिशेबाने बॅलन्स ३३.३४, स्विंगवेट ३१६.७.

सोनारांनी या वेळी काटा आधीच कागद ठेवून शून्यावर आणून ठेवला होता. शिसं बसवून संध्याकाळी लंबकावर मोजलं: ६८.५. दोन्ही रॅकेट डोळे मिटून डबल्समधल्या जोडीदाराच्या हातात दिल्या, तिला वेगळ्या ओळखता आल्या नाहीत. दुसऱ्या रॅकेटच्या बुडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला.

१६ नोव्हेंबर

दोन्ही रॅकेट आलटून पालटून खेळले. बदल जाणवत नाही. जोडीदाराची रॅकेट आता बाकावर आहे, २७० ग्रॅमची, हेडहेवी. ती बेसलाइनवरून खेळते आणि तिची तक्रार माझ्या उलट आहे: सगळं वजन पुढे, सर्व्हिस करताना खांदा ओढला जातो. तिला डोक्यात काहीच नको. मुठीत बारा ग्रॅमपासून सुरुवात, मापं उद्या.